घरातला आवाज

चष्मेवाला हसला तेव्हा त्याला वाटलं, आपल्या बोटांचीच काहीतरी गफलत झाली असावी. म्हणून त्यानं फोनच्या पडद्यावर पुन्हा एकदा पाहिलं. शब्द बरोबर होते. 'माझं घशाचं ऑपरेशन झालंय. बोलता येत नाही, म्हणून माझ्याऐवजी फोन बोलतो. जरा दम धरा.' एवढंच त्यानं लिहिलं होतं, बटण दाबलं होतं आणि फोननं ते त्याच्याच जुन्या, भरदार, किंचित खरखरीत आवाजात म्हणून दाखवलं होतं. आणि हा चष्मेवाला, काचा पुसायचं पिवळं फडकं हातात धरून, मान मागे टाकून मनमुराद हसत होता.

"अहो, तुम्ही 'आमचं आपलं मत'वाले ना? आवाज ऐकला आणि ओळखलं! दम धरा म्हणे! तुमचं ते फ्रिजचं आमच्या घरी अजून चालतं बरं का."

मग त्याची नजर गिऱ्हाइकाच्या गळ्याशी बांधलेल्या पांढऱ्या जाळीदार फडक्यावर गेली. फडकं श्वासाबरोबर आत-बाहेर होत होतं. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्यातला जीव निघून गेला. "म्हणजे... खरंच झालंय ऑपरेशन?" गिऱ्हाइकानं होकारार्थी मान हलवली. चष्मेवाला इतका ओशाळला, की स्वच्छ असलेला चष्मा त्यानं पुन्हा पुन्हा पुसला, कानाशी बसतोय की नाही हे स्वतः वाकून पाहिलं, आणि दारापर्यंत सोडायला आला. "माफ करा हं साहेब. राग नका मानू. आवाजावरून वाटलं, तुम्ही गंमत करताय."

बाहेर नव्या चष्म्यातून रस्ता नको इतका स्पष्ट दिसत होता. समोरच्या गच्चीवरच्या टाकीचा गंज, सायकलच्या चाकातल्या तारा, एका म्हाताऱ्याच्या बुटाची सुटलेली नाडी. तो सावकाश चालत होता. श्वास आता नाकावाटे नव्हे तर गळ्याच्या खळगीतल्या भोकातून आत जायचा, आणि गार हवा अशी आडवाटेनं थेट छातीत उतरली की खोकल्याची उबळ यायची. राग? राग कसला मानायचा. उलट त्या माणसाचे आभारच मानायला हवे होते, कारण गेले काही आठवडे जे त्याला नुसतं टोचत होतं, त्याचं टोक त्या बिचाऱ्यानं अचूक चिमटीत धरून दाखवलं होतं. दवाखान्यात ड्रेसिंग करणाऱ्या नर्सला त्यानं फोनवरून 'इथे दुखतंय' असं सांगितलं होतं, तर तिनं गालात हसून आणखी जोरात दाबलं होतं. बसमध्ये शेजारच्या बाईंना 'मला उतरायचंय, चक्कर येतेय' म्हटलं, तर त्या खिडकीकडे तोंड करून खुदकन हसल्या होत्या. जे बोलावं त्याचा विनोद होत होता. आवाज त्याचाच होता, तंतोतंत. शब्द त्याचे होते. आणि तरी दोहोंच्या मध्ये कुणीतरी तिसराच बसला होता, पायावर पाय टाकून, बोलायला टपलेला.

तो तिसरा कोण, हे त्याला न कळण्यासारखं नव्हतं. आयुष्यभर तो एका मोठ्या ऑफिसात कंप्यूटर सांभाळायच्या खात्यात होता. दिवसभर फोन यायचे, 'चालत नाहीये', आणि दिवसभर तो सांगायचा, बंद करा आणि परत चालू करा. संध्याकाळी ढोल्याच्या घराच्या अडगळीच्या खोलीत दोघं मायक्रोफोन मांडून बसायचे. ढोल्या म्हणजे कॉलेजातला मित्र, अंगानं काडी पैलवान, आवाज मात्र ढोलासारखा. जगात कुठे कुठला नवा फोन निघाला, कुठलं घड्याळ, कुठली कंपनी कशावर आपटली, अशा आठवड्याच्या बातम्या काढायच्या आणि त्यावर जे तोंडाला येईल ते बोलायचं. अभ्यास नाही, आकडे नाहीत, नुसतं मत. ते रेकॉर्ड करून 'आमचं आपलं मत' या नावानं इंटरनेटवर टाकायचं. दूध संपल्याचं आपणहून सांगणारा फ्रिज आला तेव्हा तो म्हणाला होता, "ज्याला दूध संपल्याचं कळतं पण जाऊन आणता येत नाही, त्याला फ्रिज नाही, सासरा म्हणतात." घर झाडणारं चकतीसारखं यंत्र आलं तेव्हा, "आमच्याकडे ते सोफ्याखाली जाऊन अडकतं आणि मला बाहेर काढा म्हणून ओरडतं. असला एक मेहुणा मला आधीच आहे." मनगटावरचं घड्याळ उठा, चाला, पाणी प्या म्हणू लागलं तेव्हा, "इतकी वर्षं बायको हेच सांगत होती. तिला चार्ज करावं लागत नव्हतं." लोकांना हे आवडलं. का आवडलं कुणास ठाऊक. माणसं गाडी चालवताना ऐकायची, भांडी घासताना ऐकायची. त्या खोलीत तो दार लोटून आत शिरला की त्याच्या आवाजाला एक वेगळाच पीळ चढायचा, वाक्याच्या शेवटी तो किंचित वर जायचा, उडी मारायच्या आधी मांजर मागचे पाय आवळतं तसा. आणि समोर ढोल्या आधीच हसायला लागलेला असायचा.

यंत्रं माणसांचे आवाज काढायला लागली तेव्हाही त्यानं मत दिलंच होतं. "आवाज म्हणजे काय वाटीभर साखर आहे, संपली की शेजारून आणायला?" ढोल्या टेबलावर हात आपटून हसला होता. त्यानंतर वर्षही झालं नसेल. आवाज बसला, तो बसलेलाच राहिला. तपासलं तर घशात गाठ. सर्जन बाई तरुण होत्या, फार गोड बोलायच्या भानगडीत पडल्या नाहीत. समोर घशाचं चित्र ठेवून म्हणाल्या, "आवाज जाईल. माणूस राहील." तो त्या चित्राकडे बघत राहिला. गुलाबी रंगाची ती एवढीशी आवाजाची पेटी. एवढ्याशा पेटीनं किती बडबड केली होती. शेजारी बसलेली बायको मात्र क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "माणूस राहू दे." भाजीच्या दुकानात दोन जुड्यांपैकी एक पटकन उचलावी तशी म्हणाली. त्या तिच्या घाईची आठवण त्याला ऑपरेशनच्या टेबलावर जाईपर्यंत पुरली. नंतर शुद्धीवर आला, घसा म्हणून जे काही होतं ते पेटलेलं होतं, नाकात नळी होती, आणि पहिला विचार आला तो हाच, की कुणीतरी आपल्याला असं झटकन उचललंय, घासाघीस न करता.

आणि लेक. ठकू. तिला तो कार्यक्रम कधी आवडला नव्हता. लहानपणी म्हणायची, "बाबा, तुम्ही आणि काका दर आठवड्याला तेच तेच बोलता, फक्त फोनचं नाव बदलता." मोठी झाली, कंप्यूटरच्याच कामात पडली, वेगळं घर केलं, तरी तिनं तो ऐकला नव्हता. पण सर्जन बाईंचं बोलणं कानावर आलं त्या दिवसापासून ती जुने कार्यक्रम घेऊन बसली. यंत्राला आवाज शिकवायचा तर निर्भेळ आवाज हवा, आणि ढोल्याचा आवाज तर याच्या प्रत्येक वाक्यावर कुंपणावरच्या वेलासारखा चढलेला. तो वेल पानापानानं सोडवत, ऑफिसची नोकरी सांभाळून, तिनं बापाची ती सगळी बडबड ऐकली. मध्येच फोन करायची. "बाबा, तुम्ही किती हसता हो! मला माहीतच नव्हतं." मग ती एकदा लॅपटॉप घेऊन दवाखान्यात आली, पलंगाला लागलेल्या जेवणाच्या ट्रेवर तो ठेवला आणि काहीतरी टाइप केलं. लॅपटॉप म्हणाला, "ठकू, अभ्यासाला बस." नर्स हसली, ठकू हसली, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते पुसायला हात वर नेला तर हाताला सलाईन. साखर शेजारून नव्हती आली. साखर घरचीच होती, कुणीतरी वेचून ठेवलेली. ज्या यंत्राची टिंगल करून त्यानं चार टाळ्या घेतल्या होत्या, त्याला तो मनातल्या मनात म्हणाला, बाबा रे, मोठ्या मनाचा आहेस.

ढोल्यानंही त्याला सोडलं नाही. घरी आल्यावर लगेच त्यानं त्याला अडगळीच्या खोलीत नेऊन बसवलं. बातमी सांगितली, कुठल्याशा कंपनीनं फोनची घडी आता तिहेरी केली होती, आणि विचारलं, "काय मत शहाण्या?" तो टाइप करायला लागला. एका बोटानं, चष्मा नीट नसल्यामुळे पडदा नाकाशी धरून. आणि ढोल्या, ज्यानं याला उभ्या आयुष्यात एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं, मायक्रोफोनमध्ये म्हणाला, "मंडळी, शहाण्या लिहितोय. तोवर मी गप्प बसतो. हीसुद्धा बातमीच समजा." आणि खरंच बसला. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. ढोल्याच्या कपाळावर घाम आला, दोन्ही ओठ त्यानं दातांत धरून ठेवले. शेवटी फोन म्हणाला, "एवढ्या घड्या घालायच्या तर लग्नातला शालू घ्यावा." दोघंही हसले. एकाच्या हसण्याला आवाज नव्हता, खांदे हलत होते. लोकांनी भरभरून लिहिलं. काहींच्या तर लक्षातही आलं नाही, की मधे काही घडून गेलंय. त्या खोलीत तो आवाज चपखल बसत होता. बसणारच. तिथलाच होता.

घराच्या जिन्याशी येईपर्यंत त्याच्या मनात हे सगळं असंच उलटसुलट फिरत राहिलं. वर बायको कपड्यांना इस्त्री करत होती. तिच्या हाताखालून शर्टाची बाही वाफ सोडत सरळ होत होती. त्याला वास आला नाही. नाकातून हवा जात नाही तर वास तरी कसा येणार. पण तापलेल्या सुती कापडाचा वास कसा असतो हे आठवलं, आणि आठवलं यानंही बरं वाटलं. त्यानं फोनवर लिहिलं, 'चष्मा मिळाला.' फोननं ते जाहीर केलं, जसं काही जगात प्रथमच कुणाला तरी चष्मा मिळाला होता. बायकोनं फोनकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो का."

ती फोनकडे बघते. हे त्याच्या कधीच लक्षात आलं होतं, फक्त त्यानं ते शब्दांत मांडलं नव्हतं. फोन बोलला की ती फोनकडे बघते, आणि दारात आलेल्या विक्रेत्याशी बोलावं तशी अदबीनं, थोडक्यात, अंतर ठेवून उत्तर देते. त्यानं तिला चष्मेवाल्याची हकिकत ऐकवली. फोननं ती इतकी रंगवून सांगितली, की दुसरं कुणी असतं तर पोट धरून हसलं असतं. ती हसली नाही. कॉलर उलटी करून तिनं इस्त्री फिरवली.

"त्याचं काय चुकलं बिचाऱ्याचं," ती म्हणाली. "मलाही तसंच होतं."

'कसं?'

"अहो, काल रात्रीच्या जेवणाला तुम्ही म्हणालात, गिळताना त्रास होतोय. मला कळत होतं की होतोय. पण कान म्हणत होते, आता पुढे काहीतरी विनोद येणार. मी घास हातात धरून वाट बघत बसले." तिनं इस्त्री उभी केली. "ठकूनं एवढी मेहनत केली, म्हणून बोलले नाही. तिला सांगू नका. पण तो तुमचा आवाज नाही. म्हणजे आहे, पण तो कार्यक्रमातला आहे. घरात कुठे तुम्ही असं बोलत होतात?"

तो काही लिहायला लागला तर तिनं फोनवर तळहात ठेवला. "हे नको. असंच बोला."

तो ओठांनी बोलला. हवेशिवाय बोलायचं म्हणजे तोंडात नुसतं प, ट, क फुटतात, जोंधळे भाजताना दाणे उडावेत तसे. बाकी सगळं मुकं. लहान वाक्यं ती ओठांवरून ओळखायची, 'पाणी', 'पुरे', 'ठकू कधी येणार'. पण लांब वाक्य अर्ध्यात तुटायचं आणि मग दोघं एकमेकांकडे बघत बसायचे, काचेच्या दोन बाजूंना उभं असल्यासारखे. आताही तसंच झालं. ती काही वेळानं म्हणाली, "नाही कळलं हो," आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही थकवा आला, की त्यानं हातानंच 'राहू दे' म्हटलं.

खिडकीशी खुर्ची ओढून तो बसला. घरात आपण कसे बोलत होतो? त्याला आठवत होतं ते दार उघडून आत येणं, बूट काढणं, आणि तोंड रिकामं झाल्याची ती जाणीव. पाण्याची टाकी दिवसभर लोकांनी वापरून संपवावी आणि घरच्यांनी नळ सोडला की नुसती हवा यावी, तशी. दिवसा ऑफिसातले फोन, संध्याकाळी मत. घरी काय उरत होतं? 'आलो.' 'हं.' 'दिवा घालव.' एवढाच त्याचा घरातला शब्दकोश असावा. त्याची टेप कुणी केली नव्हती, कशाला करील? जगभर त्याचे हजारो शब्द साठवून ठेवलेले होते आणि त्यांत या खोलीत बोललेला एकही नव्हता. एका क्षणी त्याला भीती वाटली, की तसा आवाज कदाचित नव्हताच. कार्यक्रमातला आवाज तेवढा खरा, आणि घरी त्याची नुसती रिकामी पिशवी यायची. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती गाडी ठरावीक सुरात किंचाळत होती. यावर तो एरवी काहीतरी बोलला असता. त्यानं फोनवर अक्षरं लिहिली, आवाज बंद केला आणि फोन तिच्यापुढे नुसता धरला. 'घरात मी कसा बोलायचो?'

तिनं वाचलं. तिला वाटलं असावं, तो वाद घालतोय. मग चेहरा बघून कळलं, की खरंच विचारतोय. तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं, वायर गुंडाळली, पलंगाच्या कडेवर बसली. आणि मग म्हणाली, "अगं."

त्यानं दचकून वर पाहिलं. तिनं ते तिच्या आवाजात म्हटलं होतं, पण ते तिचं नव्हतं. तो शब्द वरून खाली आला होता, बाजारातून आणलेली जड पिशवी हळूच जमिनीवर टेकावी तसा. मग एक छोटीशी फट सोडून ती म्हणाली, "चहा." आणि मग स्वतःच्या आवाजात, "चहा दे, असं नाही. नुसतं चहा. आणि शेवटी इवलंसं प्रश्नचिन्ह. म्हणजे नाही दिलास तरी चालेल, असं." ती आता रंगात आली होती. "आणि रात्री. 'झोपलीस?' हे इतकं खाली घेऊन विचारायचात, की झोपलेलं माणूस उठू नये आणि जागं असेल त्याला ऐकू यावं. ठकूच्या परीक्षा असल्या की 'होईल गं', यातला 'गं' लांब. माझ्यावर चिडलात की शेवटचा शब्द गिळायचात. 'किती वेळा सांगितलं की...' आणि पुढे काहीच नाही. मला नेहमी वाटायचं, काय सांगितलं होतं?" ती हसली. तोही हसला, आवाज न करता. ती थांबली. इस्त्रीच्या गरम पत्र्याचा टिकटिक आवाज येत होता, तो गार होत होता. "माझी आई गेली तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, 'मी आहे.' मागे उभे होतात. ते तर इतकं हळू होतं, की मला वाटलं मीच मनात म्हणाले."

तिनं ते म्हणून दाखवलं. दोन शब्द. त्यातला पहिला जवळजवळ श्वासच होता.

त्याला ते म्हटल्याचं आठवत नव्हतं. पण चाल ओळखीची होती, हाडांना ओळखीची होती. आपल्या घराचा मागचा दरवाजा रस्त्यावरून पहिल्यांदा बघावा आणि कळावं, की हे आपलंच घर, तसं. रिकामी पिशवी नव्हती तर. कुणीतरी ती उघडून रोज आतलं जपून ठेवत होतं, इस्त्री करताना, कुलूप लावताना, कूस बदलताना. आपल्याला वाटायचं ही ऐकत नाही. त्यानं तिचा हात धरला. हात इस्त्रीनं गरम झालेला होता. ती म्हणाली, "असं काय बघताय?" आणि उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

ठकूला मात्र त्यानं लिहिलंच. बायकोनं सांगू नका म्हटलं होतं, पण काही गोष्टी न सांगता चालत नाही. आधी तिच्या मेहनतीबद्दल लिहिलं, मोकळेपणानं, मग आईनं काय करून दाखवलं ते. उत्तर लगेच आलं नाही. त्याला वाटलं, पोर दुखावली. मग तिचा फोनच आला, तो उचलून कानाला धरून ऐकत राहिला. "बाबा, तुम्ही बोलू नका, नुसतं ऐका," ती म्हणाली, आणि आपण काय म्हणालो हे लक्षात येऊन दोन्ही टोकांना शांतता झाली, मग तिचं हसू. "मला सुचायला हवं होतं. यंत्रानं कार्यक्रम ऐकला, तर कार्यक्रमच शिकणार. रविवारी येते. आईला म्हणावं, घसा सांभाळ."

रविवारी ती मायक्रोफोन घेऊन आली आणि आईला समजावून सांगितलं. आईनं बाबांच्या चालीत वाक्यं बोलायची. यंत्र चाल तिची ठेवेल आणि त्यावर आवाज बाबांचा चढवेल.

"म्हणजे माणूस मी आणि कोट यांचा?"

"साधारण तसंच, आई."

"चालेल. नाहीतरी यांचा कोट मीच घासून काढते."

पंखा बंद झाला, फ्रिजची वायर काढली, खिडक्या लावल्या. तरी खोलीत घुमतंय म्हणून ठकूनं दोघींवर जाड रजई ओढून घेतली. पलंगावर रजईचा एक डोंगर झाला आणि त्यातून त्याचं बोलणं बाहेर यायला लागलं. 'अगं.' 'किल्ली कुठंय?' 'बस जरा.' 'होईल गं.' तो बाहेर खुर्चीवर बसून कागदावर वाक्यं लिहायचा आणि रजईच्या फटीतून आत सरकवायचा. मायलेकी आत घामाघूम होऊन खिदळत होत्या. मध्येच रजई उघडायची, दोन लाल चेहरे बाहेर यायचे, पाणी प्यायचे, परत आत. त्याला वाटलं, आपल्याला आजवर मिळालेलं सगळ्यात अद्भुत यंत्र हेच, ही हलणारी रजई. याच्यावर मत देता येणार नाही.

एक कागद मात्र परत आला. त्यावर त्यानं लिहिलं होतं, 'तुझे माझ्यावर फार उपकार आहेत.' रजईतून तिचं डोकं बाहेर आलं, केस विस्कटलेले.

"हे तुम्ही मला कधी म्हणालात?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मग कसं म्हणायचं ते मला कसं माहीत असणार? न ऐकलेलं मी नाही म्हणणार. खोटं होईल."

ती परत आत गेली. त्याला हसू आलं आणि लाजही वाटली, पण लाज फार टिकली नाही, कारण आतून आता ते दोन शब्द ऐकू आले. 'मी आहे.' रजई हलत नव्हती. शेवटी ठकू एकटीच बाहेर आली, डोळे पुसत, आणि म्हणाली, "थोडं थांबू या बाबा."

पहिल्या खेपेला जो आवाज तयार झाला तो त्याच्या थोरल्या आत्याला सर्दी झाल्यासारखा होता. ढोल्यानं तो ऐकला आणि आधी पोट धरून हसला, मग आत्याची चौकशी केली. ठकू चिकाटीची. तिनं आणखी दोनदा आईला रजईत घातलं, आपल्या ऑफिसातल्या एका मुलीला विचारून यंत्रात काय काय बदललं. या दिवसांत तो घरात फोन वापरतच नव्हता. ओठ आणि हात यांवर भागवत होता. चहा फुंकता येत नसे, कारण तोंडात वारा नव्हता. बायको बशीत ओतून गार करून द्यायची. तो बशीकडे बघायचा, वर येणाऱ्या वाफेकडे बघायचा, आणि या एवढ्याशा गोष्टींनी त्याचं मन भरून यायचं. पूर्वी तो असा नव्हता. पूर्वी त्याला कुठल्याही वस्तूतलं हसण्यासारखं आधी दिसायचं. आता तेही दिसायचं, पण नंतर.

मग एका सकाळी ठकूचा निरोप आला. 'पाठवलंय. बघा जमलं का.' एवढंच. तो पुढच्या खोलीत होता. उन्हाचा एक पट्टा फरशीवरून खुर्चीच्या पायापर्यंत आला होता. आतून, मागच्या बाजूनं, नळाचा आणि भांड्यांचा आवाज येत होता. त्यानं ते नवं काय ते फोनमध्ये चढवलं, आवाजाचं बटण पूर्ण वर नेलं, कारण एवढ्या लांब पोचेल की नाही शंका होती. काय लिहावं? ढोल्यापुढे बसून त्याला कधी शब्दांची अडचण पडली नव्हती. बोट पडद्यावर नुसतं थांबून राहिलं. मग त्यानं लिहिलं, 'अगं, ऐकलंस का?'

फोन बोलला. तो आवाज वर गेला नाही. खाली आला, जमिनीला टेकला, थांबला, आणि मग त्या फटीतून उरलेले दोन शब्द आले, थोडे ओढत, कुणी न ऐकलं तरी चालेल अशा बेतानं. त्याचाच आवाज. पण त्यात ती इतकी होती, की त्याला वाटलं, आपण इतकी वर्षं बोलत होतो ते तिच्याच सुरात की काय. की एका घरात राहून राहून दोघांची मिळून एकच चाल झाली होती आणि कुणाची कुठली हे आता कुणालाच वेगळं काढता येणार नव्हतं.

नळ बंद झाला.

"ओरडताय कशाला?" आतून ती म्हणाली. "आले ना!"

तो हलला नाही. पावलं आली. ती दारात उभी राहिली, बाह्या वर सरकवलेल्या, कोपरापर्यंत साबणाचा फेस. तिला अजून काही उमगलं नव्हतं. मग उमगलं. तिचे डोळे मोठे झाले, पण फोनकडे तिनं पाहिलं नाही. ती त्याच्या तोंडाकडेच बघत राहिली. फेसाचा एक थेंब तिच्या कोपरावरून उन्हात पडला.

"बोला की लवकर," ती म्हणाली. "मला कामं आहेत."